आ मावशी

उलव्यातल्या त्या तळमजल्यावरच्या पाळणाघराची बेल वाजवली की आतून भराभर पावलं ऐकू यायची. दार उघडल्यावर मावशी मुलाची पिशवी घ्यायच्या नाहीत, लाडाने नावही घ्यायच्या नाहीत. नुकत्याच धुतलेल्या ओल्या अंगठ्याने मुलाचा वरचा ओठ अलगद उचलायच्या आणि म्हणायच्या, "आ कर." दोन सेकंद तोंडात डोकावायचं, मगच मूल आत. आम्हा आयांमध्ये त्यांचं नाव पडलं होतं ‘आ मावशी’.

मावशी मूळच्या गावातल्याच. ती इमारत त्यांच्याच शेतावर उभी होती, मुलगा बांधकामाच्या धंद्यात होता. पाळणाघर चालवायची त्यांना काही गरज नव्हती. पण साठी उलटली तरी बाईला एका जागी बसवायचं नाही. जेवायच्याही उभ्यानेच, एक डोळा मुलांवर ठेवून. "घरान बसली की पाय दुखतान. चालली की न्हाय दुखत," हे त्यांचं उत्तर.

जेवण झालं की आठही पोरं बेसिनपाशी रांगेत. लहानांच्या ब्रशवर तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन वर्षांपुढच्यांना वाटाण्याएवढी. ब्रश मुलांच्या हातात द्यायच्या, थोडा वेळ खेळू द्यायच्या, मग काढून घेऊन स्वतः प्रत्येकाचे दात घासायच्या. "पोरांनी घासलं म्हंजे नुसती ब्रशची करमनूक," म्हणायच्या. डब्यात क्रीमचं बिस्कीट सापडलं तर ते संध्याकाळी तसंच परत यायचं आणि मुलाच्या पोटात गेलेली असायची भाकरी आणि काकडी. काही आया चिडायच्या. मी मनातल्या मनात हसायचे.

माझी इरा तेव्हा पावणेदोन वर्षांची होती. बेलापूरच्या ऑफिसमधून मी घरी पोचायचे तीच दमून. साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात दिली की ती पाच मिनिटांत झोपायची, आणि ती पाच मिनिटं मला फार मोलाची वाटायची. एका सकाळी मावशींनी इराचा ओठ उचलला आणि तो तसाच धरून ठेवला.

"बाटली तोंडान घेऊन झोपते नं गो ही?"

"हो. का?"

"बग. हिरडीजवल पांढरी रेघ हाय. ही सुरवात हाय. अजून थांबतंय. बाटली बंद कर, डाक्टरला दाखव."

माझ्यामागे दोन आया उभ्या होत्या. "दुधाचे दात आहेत मावशी. पडणारच आहेत."

"पडायला चार-पाच वरीस हाईत अजून. तवर काय नुसतं गिलून खायाचं तिनी?"

"तुम्ही सांभाळायचं तेवढं बघा," मी म्हणाले. "तिची आई मी आहे."

मावशींनी ओठ सोडला आणि इराला आत नेलं. पुढच्याच आठवड्यात मी तिला दुसरीकडे घातलं. तिथे कॅमेरे होते, मोबाइलवर मूल दिसायचं. रडलं की त्याला ज्यूसचं पाकीट द्यायचे, हेही दिसायचं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पुढच्या आठ महिन्यांत रेघ पिवळी झाली, मग तपकिरी. मी बघत होते. उद्या नेऊ, शनिवारी नेऊ. इरा पोळी चावायची नाही, नुसती गालात धरून ठेवायची. मी त्याला नखरे समजले. मग एका सकाळी ती उठली ती सुजलेला गाल आणि अंगात ताप घेऊनच.

लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर शांतपणे बोलल्या. पू मुळाशी गेला होता. पुढचे दोन दात काढावे लागणार होते, मागच्या दाढा भराव्या लागणार होत्या, आणि एवढ्या लहान मुलीला त्यासाठी भूल द्यावी लागणार होती. "सुरुवातीला पांढरे डाग असतात," त्या म्हणाल्या. "तेव्हाच फ्लोराइडचा लेप लावला असता, बाटली सोडवली असती, तर बहुतेक थांबलं असतं. कुणाच्या लक्षात नाही आलं?"

"नाही," मी म्हणाले.

त्या ‘नाही’ने मला पुढे कितीतरी दिवस चैन पडू दिलं नाही. ऑफिसात फाइल उघडायचे आणि तो शब्द आठवायचा. दात काढून झाल्यावर चौथ्या दिवशी मी इराला घेऊन मावशींच्या दारात गेले. मला वाटलं होतं, बोलतील, आणि मला ते हवंच होतं. त्यांनी ओठ उचलला, रिकामी जागा पाहिली आणि विचारलं, "काय खाते आता?" उत्तराची वाट न बघता त्या आत जाऊन मऊ भात कालवू लागल्या.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहून म्हणाले, "मावशी, मी डॉक्टरांशी खोटं बोलले. कुणीच सांगितलं नव्हतं म्हणाले."

त्यांचा हात थांबला. त्यांना थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

"मी पन बोलली हुती," त्या म्हणाल्या. "माजे लेकीचा पोर. रडला की चोखनी मधान बुडवून मीच देयाची. पुढचे चारी दात झिजून काले पडले. डाक्टरनी इचारलं, गोड काय देता? मी बोलली, काय न्हाय. मंग जावयानी सगला दोष लेकीला दिला. मी गप ऱ्हायली." भात पुन्हा कालवत त्या म्हणाल्या, "लेकीला अजून न्हाय सांगितलं."

त्या दिवशीपासून इरा परत त्यांच्याकडे जाऊ लागली. बाटली सोडवायची युक्ती त्यांचीच: साखर बंद, मग रोज दुधात पाणी थोडं थोडं वाढवत न्यायचं. दोन आठवड्यांत बाटलीत नुसतं पाणी राहिलं आणि इराने ती स्वतःच भिरकावली. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन करून खरं काय ते सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी मावशींनी पाळणाघर बंद केलं आणि त्या लेकीकडे, नावड्याला राहायला गेल्या. त्या निघताना मी विचारलं, "सांगितलंत लेकीला?" त्या सामान बांधत होत्या. "सांगितलं. दोन महिने बोलली न्हाय. आता बोलवते, तर जाते."

गेल्या महिन्यात इराला समोरचा पहिला पक्का दात आला. एवढी वर्षं फोटोत ओठ मिटून उभी राहणारी पोर त्या दिवशी आपण होऊन हसली. मी तो फोटो मावशींना पाठवला. मला वाटलं, खूश होतील. लगेच त्यांचा व्हॉइस मेसेज आला: "पुढचा काय सगल्यांना दिसतो. मागची दाढ बगितली का? ती गुपचूप येते. दूधदाढांच्या मागं. तीच जल्मभर पुरवायची हाय."

मी मोबाइलचा टॉर्च लावून पाहिलं. खाली उजवीकडे, अगदी शेवटी, हिरडीतून एक पांढरा कोपरा वर आला होता. आमच्या घरात कुणालाच पत्ता नव्हता. मी लगेच फोन लावला, "मावशी, आली आहे!"

"मंग फोन काय करतेस?" त्या म्हणाल्या. "घास." आणि फोन ठेवून दिला.