कर्दनकाळचा नवा ड्रमर

माझी आत्या आठवडाभर दातांच्या कवळ्या बनवते आणि सुट्टीच्या दिवशी ड्रम बडवते. 'कर्दनकाळ' हा तिचा हेवी मेटल बँड. तो काढला तेव्हा चौघंही विशीतले होते आणि जगाचा अंत अगदी तोंडावर आला होता. जग काही बुडालं नाही. बँडमधली माणसं मात्र एकेक करून गळत गेली. गिटारिस्ट सासऱ्यांच्या फर्निचरच्या दुकानात चिकटला. बेसवाल्याची पाठ गेली. सैतानाला साद घालणारा गायक, डॉक्टरांनी ओरडायला मनाई करताच, मुकाट घरी बसला. प्रत्येकाच्या जागी नवा माणूस आला, आधीच्याहून तरुण आणि आधीच्याहून केसाळ. जुन्यांतली उरली एकटी आत्या.

नव्या अल्बमच्या वेळी नव्या गिटारिस्टने तिला स्टुडिओत बाजूला घेतलं. तो तिला काकू म्हणायचा. सैतानाची गाणी वाजवूनही संस्कार सुटले नव्हते.

"काकू, राग मानू नका, पण तुमचा ठेका पहिल्या अल्बमसारखा वाटत नाही."

"पहिल्या अल्बमवर मीच वाजवलंय."

"हो, पण ती गोष्ट वेगळी."

मग त्या हुशार मुलांनी तोडगा काढला. पहिल्या अल्बममधले आत्याचे ठोके कॉम्प्युटरवर कापून घेतले आणि नव्या गाण्यांना चिकटवले. तिने आत्ता वाजवलेलं पुसून टाकलं. हे तिला कळवण्याचा मोठेपणाही दाखवला, अल्बम बाजारात आल्यावर.

अल्बम लोकांनी डोक्यावर घेतला. एका जाणकाराने लिहिलं, थकलेल्या ड्रमरला अखेर नारळ दिला हे बरं झालं. या नव्या हाताला धार आहे. आतोबांनी ते स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवलं.

"म्हणजे तू तुझ्यापेक्षा सरस निघालीस," ते म्हणाले.

आत्या हसली नाही. टेबलाशी बसून तिने अख्खा अल्बम ऐकला. मी समोरच होते.

"बरी वाजवायचे मी," ती म्हणाली. "पण घाई फार."

मग तिने गिटारिस्टला फोन करून बँड सोडत असल्याचं सांगितलं. "तुमची जागा कुणीच घेऊ शकत नाही, काकू," तो गहिवरून म्हणाला. आठवड्याभरात ती घेतली गेली.

आत्या जुन्या गायकाकडे गेली. फर्निचरवाला आला, बेसवाला कमरेला पट्टा बांधून आला. 'कर्दनकाळ' नाव आता पोरांचं, म्हणून हे चौघं बिननावाचेच वाजवतात. गायक ओरडत नाही, गातो. शेजाऱ्यांचीही तक्रार नाही, ही बँडच्या इतिहासातली पहिलीच वेळ.

तिकडे नव्या ड्रमरला स्टेजवर तो जुना वेग झेपेना, मनगट सुजलं. गिटारिस्टचा फोन आला, "काकू, त्याला जरा शिकवाल?"

आत्या गेली, कारण मनगट बिचाऱ्या पोराचं होतं. तिने त्याला सगळ्यात आधी गाणं हळू वाजवायला शिकवलं. पोराला ते आवडलंय. गिटारिस्ट अजून नाराज आहे.