फाइलवर लिहून घेतलेली ओळ

न्यू जर्सीत गालिच्यांचं दुकान मी स्वतःच्या हिमतीवर उभं केलं होतं. समोरच्याचा पहिला शब्द शेवटचा धरायचा नाही, हे मला पक्कं ठाऊक. तरी ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात डॉक्टरचा पहिला शब्द मी मुकाट मानला. तो संताप अजून जात नाही.

बायकोला पाचवा महिना होता. लघवीला जळजळ होते म्हणून डॉक्टरने अँटिबायोटिकच्या कॅप्सूल दिल्या. गरोदर बायकांना सर्रास देतो, म्हणाला. चार दिवसांत ताप आणि कोरडा खोकला सुरू झाला. फोन केला, तर म्हणे, "फ्लूची साथ आहे. कोर्स पूर्ण करा."

"अहो, कॅप्सूल घेतली की छाती आवळते हो," बायको म्हणाली.

"कोर्स अर्धवट सोडायचा नाही," मी म्हणालो. लहानपणापासून आपल्याला हेच बजावलेलं. ती गिळेपर्यंत मी दुधाचा पेला घेऊन समोर उभा राहायचो.

दुसऱ्या दिवशी ती जिन्यातच बसली. ओठ निळसर पडले होते. हॉस्पिटलात ऑक्सिजन लावला, न्यूमोनिया म्हणाले आणि कॅप्सूल चालूच ठेवल्या! शेवटी एका नर्सने कॅप्सूल कधी सुरू झाल्या आणि ताप कधी आला, त्या तारखा जुळवल्या. कॅप्सूल थांबवल्या आणि दोन दिवसांत ताप उतरला, श्वास मोकळा झाला.

मग तो कॅप्सूल देणारा डॉक्टर उगवला. "अतिशय दुर्मीळ रिॲक्शन!" जणू आम्हाला लॉटरीच लागली होती. "फुप्फुसं सावरतील. बाळही ठीक आहे."

"हे औषध हिला पुन्हा द्यायचं नाही, असं फाइलवर लिहा."

त्याने लिहिलं, रिॲक्शनची शक्यता.

"'शक्यता' खोडा."

"खात्रीने सांगता येत नाही."

"मग आत्ता परत देऊन बघा. माझ्यासमोर."

"अहो, हे दुकान आहे का?" बायको पुटपुटली. मी खुर्ची ओढून बसलो. शेवटी त्याने मोठ्या अक्षरांत हवं ते लिहिलं. माफी मात्र मागितली नाही.

आठव्या महिन्यात जळजळ परत आली. तो रजेवर होता. त्याच्या जागी आलेल्या डॉक्टरीणबाई त्याच कॅप्सूल लिहायला लागल्या, फाइलवर नजर गेली तशा थांबल्या आणि दुसरं औषध दिलं.

"आता तरी राग सोडा," गाडीत बायको म्हणाली.

कसा सोडू? कॅप्सूल घेतल्यावर काय होतं, एवढं त्याने फोनवर विचारायला हवं होतं. मला तर ती न विचारताच सांगत होती.