आधी कोणाचं पाठवायचं?

"आजोबा, जीभ आत घ्या," डॉ. जगताप चौथ्यांदा म्हणाले. समोरच्या पडद्यावर आटपाडीचे निवृत्त हवालदार आजोबा जीभ बाहेर काढून तसेच बसले होते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आटपाडीच्या दवाखान्यातून शोभा सिस्टर बोलत होत्या. "आवं मॅडम, सायबांना सांगा, म्हातारं लय चिडलंय. म्हणतंय, जीभ कवाच आत घेतलीया, आता काय गिळू?"

चित्र गोठलं होतं. तिकडचा आवाजही इकडे पोचत नव्हता.

मी साताऱ्यातल्या एका हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळते. आटपाडीला आमचा छोटा दवाखाना आहे. रोज अकरा वाजता डॉ. जगताप तिथले हृदयाचे पेशंट व्हिडिओ कॉलवर तपासतात. नाहीतर त्या लोकांचा एसटीने साताऱ्याला येण्याजाण्यात अख्खा दिवस जातो. पण दोन आठवडे कॉल अडकत होता. त्या दिवशी डॉक्टरांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "छातीत दुखणाऱ्या माणसाचं मी अर्धवट ऐकून औषध देणार नाही. शुक्रवारपर्यंत सुधारा, नाहीतर ही ओपीडी बंद."

"इंटरनेटची मोठी लाइन घ्या," आमचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटर उपाध्ये सर म्हणाले.

"आटपाडीत याहून मोठी मिळत नाही, सर."

मी रेकॉर्ड तपासलं. आटपाडीतल्या सकाळच्या एक्स-रेच्या फाइल बरोबर अकराच्या सुमारास साताऱ्याला निघत होत्या. दवाखान्याच्या पार्किंगमधल्या सीसीटीव्हीच्या रेकॉर्डिंगची कॉपीही त्याच वेळी निघत होती. नेटवर्कवर सगळी माहिती लहान लहान तुकड्यांत जाते, त्यांना पॅकेट म्हणतात. लाइन भरली की राउटर पॅकेटना थांबवून ठेवतो, जागा संपली की टाकून देतो. फाइलचं पॅकेट पुन्हा पाठवता येतं. बोलण्यातला शब्द उशिरा आला तर त्याचा उपयोग नसतो. म्हणून आधी कोणाला सोडायचं हे राउटरला सांगावं लागतं. याला क्यूओएस, म्हणजे क्वालिटी ऑफ सर्व्हिस, म्हणतात.

उपाध्ये सरांनी मीटिंग घेतली. एक्स-रेवाले म्हणाले, आमचं आधी. स्टोअर म्हणालं, औषधांची ऑर्डर आधी. हजेरीच्या मशीनचंही 'अर्जंट' होतं. मी सगळं लिहून घेतलं आणि त्या यादीचा मला काडीचाही उपयोग झाला नाही.

शेवटी मीच ठरवलं: व्हिडिओ आधी, बाकी मागून. बुधवारी तसं सेटिंग केलं आणि ऐटीत अकरा वाजायची वाट बघितली.

कॉल दोन मिनिटांत बंद पडला.

"मॅडम, तुमी काय केलंसा?" शोभा सिस्टर म्हणाल्या. "काल निदान चित्र तरी दिसत हुतं!"

चूक माझीच होती. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग हाही व्हिडिओच. शिवाय ते कॅमेरे फॅक्टरीतूनच स्वतःच्या पॅकेटवर 'महत्त्वाचं' असा शिक्का मारत होते आणि माझा राउटर त्यावर विश्वास ठेवत होता. पार्किंगमधल्या मोटरसायकलींना मी पेशंटच्या बरोबरीने बसवलं होतं.

गुरुवारी सकाळी मी स्वतः आटपाडीला गेले. कोणाचाही शिक्का मानायचा नाही, असं राउटरला सांगितलं. फक्त तपासणीच्या कॉम्प्युटरवरचा कॉल पहिला, तोही ठरलेल्या मर्यादेत. एक्स-रेसाठी थोडी जागा राखून ठेवली. कॅमेऱ्यांना उरलेली. हे करण्याआधी प्रत्येकाला फोन करून नवा प्रश्न विचारला, "तुमचं किती वेळ थांबलं तर चालेल?" एक्स-रेवाले म्हणाले, पंधरा मिनिटं. स्टोअर म्हणालं, दुपारपर्यंत. हजेरीचं काय, हे कोणालाच माहीत नव्हतं.

शुक्रवारी अकरा वाजता एक आजी खुर्चीत बसल्या. मी अजून आटपाडीतच, सिस्टरांच्या मागे उभी.

"पायऱ्या चढताना दम लागतो का?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमच्यात पायऱ्याच न्हाईत, सायब."

"मग चालताना?"

"बोलतानाबी लागतोय की."

त्यांची धाप आम्हालाही ऐकू येत होती. डॉक्टरांनी आजींचे सुजलेले पाय कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितले, सिस्टरांना ते बोटाने दाबून दाखवायला लावले आणि म्हणाले, "सिस्टर, यांना आजच अ‍ॅडमिट करायचं. गाडी बोलवा." आजी आठवड्याने चालत घरी गेल्या. ओपीडी अजून चालू आहे.

सोमवारी उपाध्ये सरांनी विचारलं, "कॅमेऱ्यांची कॉपी आता कधी येते?"

"दुपारनंतर, सर."

"कोणाची तक्रार?"

"एकाचीही नाही."

तेव्हापासून कुठलंही नवं मशीन जोडायला आलं, की ते किती महत्त्वाचं आहे हे मी विचारत नाही. त्याला सगळ्यांचं उत्तर सारखंच येतं. किती थांबेल, एवढंच विचारते.