मूठ डावीकडं

माह्या लग्नात बापानं मले भांडी कमी देल्ली आन् कानशी जास्त. दोन तिकोनी, एक चपटी, एक अर्धगोल, अशा चार कानशी धोतराच्या फडक्यात गुंडाळून त्यानं माह्या पेटीत ठेवल्या. कामरगावात सासरी आल्यावर सासूबाईनं साऱ्या बायांसमोर पेटी उघडली आन् कपाळाले हात लावला. "अवो बाई, सून आणली का लोहार आणला!" बाया खदखदा हसल्या. मी बी हसली. नवी नवरी दात काढून हसते म्हणून मंग त्या बाया आणखीनच हसल्या.

माहा बाप धनजचा सुतार. त्याले पोरगा नव्हता, म्हणून करवतीले धार लावाचं काम त्यानं मलेच शिकवलं. दाते एकेक करून घासाचे, टोक काढाचं, आन् मंग एक दाता जरासा उजवीकडं, दुसरा जरासा डावीकडं वाकवाचा. असं केलं म्हणजे करवत लाकडात अडकत नाही. एक दाता जास्त वाकला की सारी करवत वाकडी चालते. माह्या हाताले ते बरोबर जमलं होतं. फुशारकी मारून राह्यली असं वाटत असन तं वाटू द्या, खरं हाये ते.

सासरीही सुतारकीच होती. मामाजी, म्हणजे माहे सासरे, नावाजलेले सुतार, पण त्याईची नजर कमी झाली होती आन् बारीक दाते दिसत नव्हते. घरधन्याचा हात जड, एका उन्हाळ्यात तीन कानशी मोडणारा माणूस. म्हणून धार लावाले मले छपरीत बसवलं. पण सून सासऱ्यासमोर बसन कशी? मधात तुराट्यांचा तट्टा बांधला. अलीकडं मी, पलीकडं बापलेक. तट्ट्याले खाली एक भोक ठेवलं होतं. त्यातून बोथट करवत इकडं येई आन् धारेची करवत तिकडं जाई.

सून-सासऱ्यानं एकमेकांसंगं बोलाचं नाही, हा तं आमच्याकडं कायदाच होता. पण मामाजीले बोलल्याबिगर करमत नव्हतं, आन् पोरगा असा की दिवसभरात चार शब्द बोलणार, त्यातले दोन "हं". मंग मामाजीनं वाट काढली. ते करवतीसंगं बोलाले लागले.

"कावो करवतबाई, झाले काय दात घासून?"

मी इकडून म्हणत होती, "करवत म्हणते, जरा दम धरा."

"आज भाजी कायची हाये म्हणते ते?"

"करवत म्हणते, आजबी बेसनच."

"अरे देवा! करवतीचा आवाज आज रडका येऊन राह्यला. माहेरची आठवण आली वाटते."

"करवत म्हणते, हो."

"मंग तिले म्हणा, आखाजीच्या सणाले धाडून देऊ. रडू नोको म्हणा."

एका शब्दानं कायदा मोडला नाही आन् दिवसभर तोंड बंद झालं नाही. कधी कधी मले इतकं हसू येई की कानस हातातून पडे. सासूबाई घरातून ओरडत, "तिथं करवत घासून राह्यले का चिवडा वाटून राह्यले?"

सासूबाईचा राग खोटा नव्हता. आमचं थोडं वावर होतं आन् त्याईले वाटे की सुनेनं वावरात यावं. उन्हाळ्यात वावरातले धसकटं वेचाचे असतात, म्हणजे मागच्या साली कापलेल्या पिकाचे जमिनीत राह्यलेले खुंट. वरून ऊन, खालून ढेकळं, आन् पायात ते खुंट घुसतात. मी एक उन्हाळा ते काम केलं, पाय सुजले, रडली. छपरीतली जागा मले जिवापाड आवडत होती, साफ सांगते. तिथं सावली होती, माह्या बापाचं काम होतं, आन् करवतीसंगं बोलणारा एक माणूस होता.

आन् मंग ते यंत्र आलं.

कारंज्याच्या एका शेटले मामाजीनं दमणी, म्हणजे बसाची हलकी बैलगाडी, बनवून देल्ली होती. शेट खुश. त्याचा लाकडं चिराचा कारखाना बंद पडला होता, तिथलं एक विलायती यंत्र त्यानं मामाजीले बक्षीस देल्लं. करवतीले धार लावाचं यंत्र! बैलबंडीत तणसावर बसून ते गावात आलं तवा मागं साठ-सत्तर माणसं. मामाजी त्याच्या बाजूले असे ताठ बसले होते की पाहणाऱ्याले वाटावं, यंत्राचंच लग्न लावून आणून राह्यले.

काळं लोखंड, खाली चार पाय, बाजूले दांडा. करवत त्यात उलटी आवळाची, दाते वर. दांडा फिरवला की एक कानस पुढं-मागं करे आन् करवत एकेक दाता सरके. कानशीच्या मागं दोन लहान हातोड्या. एक हातोडी दात्याले इकडं ठोके, दुसरी तिकडं. खर्र-टिक, खर्र-टिक! माह्या चार दिवसांचं काम ते घंट्याभरात करे. शेटच्या माणसानं मामाजीले तीनदा बजावून सांगतलं होतं, "मूठ डावीकडं. नेहमी करवतीची मूठ डावीकडंच." यंत्रावर त्यानं खडूनं खूणबी करून देल्ली होती.

नारळ फुटला. यंत्राले हळद-कुंकू झालं. दांडा फिरवाले गावातल्या माणसांची रांग लागली! पाटील आले, मास्तर आले, एक म्हातारा तं दांडा सोडेचना, त्याच्या नातवानं त्याले उचलून नेलं. रोजच्या कामाच्या सात करवती होत्या. सातही यंत्रातून काढल्या, एकेक करवत तीन-तीनदा. दाते असे एकसारखे, असे चमकदार निघाले की लोक "वा वा" करून राह्यले. मी तट्ट्याच्या भोकातून पाहत होती.

सासूबाई माह्याजवळ आल्या आन् लय गोड आवाजात म्हणाल्या, "बरं झालं बाप्पा. आता सून मोकळी झाली. परवापासून धसकटं वेचाले चाल."

मी यंत्राले मनातल्या मनात अशा शिव्या देल्ल्या की इथं लिहिता येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. अमावस्येले सुतार हत्याराले हात लावत नाही. साऱ्या करवती धुऊन, कुंकू लावून भिंतीले टांगल्या. त्यामुळे झालं असं की नव्या दात्याची करवत कोणी चालवूनच पाह्यली नाही. पायाबिया पडले, पण निरखून पाह्यलं कोणी नाही. मीबी रुसून बसली होती, मीही पाह्यलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी अंगणात गर्दी. पेरणी जवळ आलेली, तिफनी दुरुस्त करून पाह्यजेत, कोणाच्या खांद्यावर जू, कोणाच्या वखराचं खोड. मामाजी सुताराच्या बैठकीत बसले, बाभळीचं लाकूड पायानं दाबून धरलं, "जय विश्वकर्मा" म्हटलं आन् करवत आपल्याकडं ओढली.

करवत सुर्रकन सरकून आली. लाकडाले एक ओरखडा नाही.

मामाजीनं पुन्हा ओढली. पुन्हा सुर्र! जोर लावून ओढली तं करवतीसंगं मामाजीच मागं गेले आन् उताणे पडले. पाय वर. पागोटं पाटलाच्या पुढ्यात. लोक जे हसले, जे हसले! घरधन्यानं दुसरी करवत घेतली, तीबी तशीच. रागानं त्याईनं ती पुढं ढकलली, तं ती कचकन लाकडात घुसली आन् मधातच वाकून कमान झाली.

तवा माह्या डोक्यात उजेड पडला. आमच्या करवती ओढल्यावर कापतात. खाली बसून, लाकूड पायात धरून, आपल्याकडं ओढाची, म्हणून दात्यांची टोकं मुठीकडं असतात. विलायती करवत ढकलल्यावर कापते, तिच्या दात्यांची टोकं पुढं. ते यंत्र विलायतचं. त्यानं आमच्या सातही करवतींचे दाते इमानदारीनं घासून उलटे करून ठेवले होते. पत्रा आमचा पातळ, ढकलला की वाकणारच.

मी तट्ट्यामागं तोंडात पदर कोंबला. पोट दुखाले लागलं. हसू आवरेना आन् रडूबी येऊन राह्यलं.

मामाजी उठले, पागोटं झटकलं, तट्ट्याजवळ आले आन् लय हळू म्हणाले, "करवतबाई, आपली फजिती झाली वो."

मी म्हटलं, "करवत म्हणते, धाडा इकडं."

मंग काय विचारता! सातही करवती माह्या पुढ्यात. एकेक दाता घासून खाली आणाचा, नवा दाता उलट्या बाजूनं काढाचा, मंग वाकवाचा. बाहेर माणसं खोळंबलेली. सासूबाईनं स्वतः गरम भाकर आणून देल्ली, वरून लोणी! म्हणाल्या, "खाय वो माय, हात चालव." धसकटाचं नावच नाही. मी राणीसारखी बसली होती. दुपारी पाणी प्याले उठली, यंत्राजवळून गेली, त्यावरची खडूची खूण पाह्यली आन् जागच्या जागी थबकली.

मूठ डावीकडं. आन् मूठ उजवीकडं ठेवली तं?

करवत उलट्या बाजूनं आवळाची, बस. दात्यांची टोकं आपोआप मुठीकडं येतीन. इतकं सोपं! संध्याकाळपर्यंत साऱ्या करवती तयार झाल्या असत्या. शेटच्या माणसानं बजावलं म्हणून कोणाच्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

मी तट्ट्यामागं येऊन बसली. जिभेवर शब्द आला होता, "करवत म्हणते..." एवढं म्हटलं की झालं. बाहेर माणसं ताटकळून राह्यले होते, आन् माह्या डोळ्यापुढं ते वावर, ते ऊन, ते खुंट. मी कानस उचलली. पाप म्हणा का काय म्हणा, मी काही बोलली नाही. पाच दिवस घासत बसली. बोटाची सालं निघाली. पलीकडून मामाजी दर घडीले विचारत, "करवतबाई, थकल्या काय?" आन् मी म्हणत होती, "करवत म्हणते, बिलकुल नाही."

पेरणी साऱ्यांची वेळेवर झाली, तवा कुठं माहा जीव भांड्यात पडला. यंत्र छपरीच्या कोपऱ्यात गेलं. सासूबाई त्यावर कांद्याच्या माळा टांगाले लागल्या. मले वावरात चाल असं पुन्हा कोणी म्हटलं नाही.

असे कितीक वर्षं गेले. माहे लेकरं मोठे झाले. मामाजीचा हात थकला, ते छपरीतच बाजेवर पडून राहत, पण करवतीसंगं बोलणं सुटलं नव्हतं. एका दसऱ्याले मी त्याईची जुनी पेटी साफ कराले घेतली. तळाशी फडक्यात गुंडाळलेली एक लहान करवत निघाली, वीतभर लांब. ही मी कधीच पाह्यली नव्हती, कारण ती भोकातून कधी इकडं आलीच नव्हती. मी बोट फिरवलं. माहे दाते मले आंधारातबी वळखू येतात, मुठीजवळचे तीन मी नेहमी बारीक ठेवते, बापाची सवय. हे दाते माहे नव्हते. सारे एकसारखे, यंत्राचे.

आन् टोकं मुठीकडं.

मी तट्ट्याजवळ गेली आन् म्हटलं, "कावो करवतबाई, तुहे दाते कोणी केले?"

पलीकडं बाज करकरली.

"म्या केले," मामाजी म्हणाले. करवतीले नाही, मले. "मी उताणा पडलो त्याच दिवशी. रात्री तू जेवाले घरात गेली होती. मूठ उजवीकडं करून पाह्यली."

"मंग सांगतलं काहून नाही?" मीबी सरळ विचारलं. पदर कुठं होता ते देवाले ठाऊक.

"सांगतलं असतं तं तुले तुह्या सासूनं वावरात नेलं असतं. मंग मी दिवसभर बोललो असतो कोणासंगं?"

माह्या डोळ्याले धार लागली. मी नाक पुसत म्हटलं, "मामाजी, मलेबी त्याच दिवशी समजलं होतं."

पलीकडून आधी "आं?" आला, आन् मंग हसू. बोळक्या तोंडाचं, खोकल्यासंगट येणारं हसू! मीबी हसाले लागली. इकडं मी लोळून राह्यली, तिकडं ते बाजेवर लोळून राह्यले. लोकं ताटकळले, बोटं सोलली, आन् दोघंही चोर! सासूबाई धावत आल्या, "काय झालं वो? कोण पडलं?"

मी भोकातून तिकडं सरकवलेल्या करवतीकडं मामाजीनं बोट दाखवलं. "हिले विचार."

"येडे झाले दोघंही," असं म्हणून सासूबाई चुलीकडं गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी छपरीतला तट्टा सोडला आन् तुराट्या चुलीत घातल्या. सासूबाईनं डोळे मोठे केले. "कोणाले विचारून सोडला वो?"

मी म्हटलं, "करवतीले."