चिंगीच्या ऑपरेशनची रिहर्सल

मी आर्मीत डॉग हँडलर होतो. शेवटचं पोस्टिंग काश्मीरमध्ये. हवालदार म्हणून रिटायर झालो आणि दहिसरच्या चाळीत आलो. पाच वाजता उठायचं, साडेपाचला नदीच्या बाजूने चक्कर, हा नेम सुटला नाही. बरोबर चिंगी. ती गल्लीतलीच कुत्री. मी तिला नाही, तिने मला पाळलं, असं माझी बायको सुनंदा म्हणते.

गेल्या वर्षी नाक्याजवळ टेम्पोने चिंगीला उडवलं. मागच्या डाव्या पायाची नडगी मोडली. लोक म्हणाले, डॉक्टरकडे न्या. मी म्हटलं, मीच बांधतो. फील्डमधली पट्टी आम्हाला शिकवलेली असते. बांबूच्या दोन पट्ट्या, कापूस, बँडेज. पंधरा मिनिटांत काम फत्ते. पट्टी सहा आठवडे ठेवली, चाळभर मिरवली. सोडली तर पाय वाकडा. चिंगी तीन पायांवर उड्या मारत चालू लागली. मला बघवेना.

मरोळच्या एका क्लिनिकमध्ये जनावरांच्या हाडांच्या डॉक्टर होत्या, माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी एक्स-रे पाहिला.

"काका, हे बांधलं कोणी?"

"मी."

"चांगलं बांधलंय. पण हे डॉक्टरकडे पोचेपर्यंतचं. तुम्ही तिथेच थांबलात कसे?"

"ह्यांना सांगणार कोण!" सुनंदा म्हणाली.

हाड कापून सरळ करायचं आणि प्लेट बसवायची, असं ठरलं. बिघडलं तर पाय कायमचा गेला.

"उद्याच करा," मी म्हटलं.

"उद्या नाही. आधी प्लॅन."

सीटी स्कॅन झाला. आठवड्याने गेलो तर टेबलावर प्लास्टिकची हाडं, स्कॅनवरून थ्रीडी प्रिंटरवर काढलेली. चिंगीच्या दोन्ही नडग्या, अगदी मापाच्या, त्यात वाकडीच्या दोन प्रती. डॉक्टरांनी वाकडं हाड आखलेल्या रेषेवर कापलं, सरळ जोडलं, चांगल्या हाडाशेजारी धरलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"काय झालं?"

"बाक गेला, पीळ राहिला. एक्स-रेत एवढा कळला नव्हता. असंच केलं असतं तर हाड सरळ आणि पंजा बाहेर. परत लंगडणं आलंच."

माझं ऐकलं असतं तर हे चिंगीच्या पायात झालं असतं.

त्यांनी दुसरी प्रत घेतली, रेष नवी आखली, कापून हाड थोडं फिरवलं. या वेळी जुळलं. मग प्लेट त्या प्लास्टिकवरच वाकवून ठेवली.

मी म्हटलं, "आम्ही मोहिमेआधी सँड मॉडेल करायचो. मातीत डोंगर, नाले, वाटा. चुकायचं ते तिथेच."

"मग 'उद्याच करा' कसं म्हणालात?"



ऑपरेशनच्या दिवशी नऊ चाळीसला चिंगी आत गेली. मी दारासमोर उभा.

"बसा हो. ड्यूटीवर नाही तुम्ही," सुनंदा म्हणाली. मी उभाच राहिलो.

अकरा दहाला दार उघडलं. "सगळं प्लॅनप्रमाणे. प्लेट पहिल्याच वेळी बसली, काका."

तेव्हा कुठे बाकावर बसलो. डोळे भरून आले, ते लपवले नाहीत. सुनंदाने नुसतं पाण्याची बाटली पुढे केली.

हे सगळं माझ्या हातून का झालं, तेही सांगतो. बादल हा काश्मीरमधला माझा लॅब्रेडोर. सर्चमध्ये स्फोट झाला, बादलला लागलं. मी त्याचा पाय बांधला आणि रेडिओ घेतला.

"कॅज्युअल्टी, वन डॉग. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"वेदर खराब. थांबा. ओव्हर."

दोन तास थांबलो. बादल माझ्या मांडीवर गेला. पट्टी तेव्हाही जागची हलली नव्हती. मेजरसाहेब म्हणाले, "पट्टी एकदम बरोबर बांधलीस." ते शब्द आणि बादलच्या गळ्यातला पट्टा, एवढंच घेऊन मी घरी आलो होतो. त्या पट्टीचा अभिमान इतका, की ती कशासाठी बांधतात तेच विसरलो.

बारा आठवड्यांनी डॉक्टरांनी फिरायची परवानगी दिली. साडेपाचला आम्ही नदीकडे निघालो. चिंगी चारही पाय टेकवत चालली, पंजा सरळ पुढे. तिच्या गळ्यात मी बादलचा पट्टा घातला होता. बादल, तुला डॉक्टरकडे पोचवणं मला जमलं नाही. हिला पोचवलं, उशिरा का होईना.