लायकात

सिल्वासाच्या कॉलेजात मुलाखतीला गेलो, तेव्हा गुजराती कारकूनबाईंनी फॉर्म पुढे ओढून विचारलं, "तमारी लायकात?"

माझं डोकंच फिरलं. खडोलीच्या कारखान्यातली नोकरी सोडून, कडक इस्त्री करून आलेला नाशिकचा इंजिनियर मी. "बाई, माझी लायकी काढायचं काम नाही!"

शेजारी मुलाखतीलाच आलेली एक वारली तरुणी हळूच म्हणाली, "सर, शिक्षण विचारतायत त्या. लायकात म्हणजे पात्रता."

राखीव जागेवर ती कायम लागली, मी वर्षाच्या करारावर. माझे मार्क तिच्यापेक्षा जास्त, हे मी स्टाफरूममध्ये रोज चहाबरोबर वाढायचो. एकदा म्हणालो, "जागा राखीव ठेवा हो, पण शिकवणार कोण?" वळून बघतो तर दारात ती.

"मी शिकवणार, सर," म्हणाली आणि कप धुवायला गेली.

दिवाळीनंतर माझ्या तासाला नुसती बाकं उरली. प्राचार्य म्हणाले, "असंच चाललं तर पुढच्या वर्षीचा करार विसरा." घरी सांगायची छाती होईना. शेवटी मान खाली घालून तिच्याकडेच गेलो.

"मॅडम, तरफेचा नियम शिकवतोय. कुणाला कळत नाही."

"तुमच्या तोंडून मलाही कळायचा नाही," ती हसली. दुसऱ्या दिवशी वडिलांची कावड घेऊन आली.

वर्गात मी कावडीच्या एका टोकाला भरलेली बादली लावली, दुसऱ्या टोकाला अर्धी, आणि बरोब्बर मध्यावर खांदा दिला. भरलेली बादली थेट माझ्या बुटांवर. वर्ग खिदळला.

"ओ सर, जड बाजू खांद्याजवळ घ्या ना!" मागून एक मुलगी ओरडली.

फळ्यावरचं अख्खं सूत्र तिनं सांगून टाकलं होतं. "का पण?" मी विचारलं, तर सगळे एकदम बोलायला लागले. महिन्याभरात बाकं भरली.

करार वाढला. मार्क बघूच नयेत, असं मी आजही म्हणत नाही. पण शिकवणार कोण, याचं उत्तर मला दर महिन्याला पगारासकट मिळतं. कारकूनबाई दर जूनला मुद्दाम विचारतात, "साहेब, लायकात?" मी मॅडमकडे बोट दाखवतो.

परवा कावड परत द्यायला गेलो. अजून वर्गात पाणी पुसावं लागतं, हे तिला ठाऊक होतं.

"राहू द्या, सर," म्हणाली. "सांडायचं थांबलं की द्या."