पानापानावरची माझी सही

ती घटना आठवली की आजही कुठे सही करताना माझा हात क्षणभर थांबतो. नोकरीत खून उघडकीला आणले, दरोडेखोर पकडले, ते मी चहा पिता पिता कुणालाही सांगतो. ही केस मात्र घरीसुद्धा पुरती सांगितलेली नाही. लाज वाटते, दुसरं कारण नाही.

मी तेव्हा दापोडीकडच्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. एक दिवस पिंपळे सौदागरला राहणारे एक इंजिनिअर तक्रार घेऊन आले. त्यांचे दिवंगत वडील पिंपरीच्या एका कंपनीत कामगार होते आणि नाटकं लिहीत. ती नाटकं कंपनीच्या दारातल्या गेटसभेत, गणपतीत, कामगारांच्या स्पर्धांत होत. त्यांच्या हस्तलिखित सात वह्या दापोडीच्या जुन्या खोलीत होत्या, त्या चोरीला गेल्या म्हणाले. सोबत एक निवृत्त शिक्षिका होत्या. जुन्या नाटकांची हस्तलिखितं जमवून नीट जपणारा एक छोटा संग्रह त्या चालवत. वह्या त्यांनाच मिळणार होत्या.

"छापील काही नाही का?" मी विचारलं.

"दोन नाटकं छापलीत," बाई म्हणाल्या. "पण वह्यांत प्रत्येक प्रयोगानंतर समासात पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. कुठे लोक हसले, कुठे वाक्य बदललं, कुठे थांबायचं. ते दुसरीकडे कुठेच नाही."

मी मान हलवली. मनात म्हटलं, सोनं गेलेलं नाही, गाडी गेलेली नाही, आणि या बाई वह्यांसाठी डोळ्यांत पाणी आणतायत.

चौथ्या दिवशी दापोडीतल्या एका रद्दीवाल्याची टीप आली. एक म्हातारा हातानं लिहिलेल्या जुन्या वह्या छातीशी धरून घेऊन गेलाय, हल्ली पुनावळ्याला लेकीकडे राहतो. मी विचारलं, "नाव काय?" तू त्याला पाहिलंस कुठे, वह्या त्याच्या हाती आल्याच कशा, हे विचारलंच नाही. काल भरती झालेला शिपाईसुद्धा हे विचारतो.

म्हातारा मूळचा बीडकडचा, त्याच कंपनीतला निवृत्त कामगार. त्या नाटकांचा तो प्रॉम्प्टर होता, म्हणजे विंगेत उभा राहून नटांना विसरलेली वाक्यं सांगणारा. जावई चाकणला शिफ्टला गेलेला. लेकीच्या सासूसमोर आम्ही झडती घेतली. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या धोतरात गुंडाळलेल्या सातही वह्या निघाल्या. मध्ये मध्ये कडुलिंबाचा वाळलेला पाला. शेजारी एक नवी वही, तिच्यात तो जुन्यातलं सगळं समासासकट उतरवून काढत होता. दोन वह्या उतरवून झाल्या होत्या.

आता माझ्या हुशारीचं सांगतो. आधीच्या एका केसमध्ये जप्त कागदांवरचं लेबल निघालं, कागद तेच कशावरून असं वकिलानं विचारलं आणि कोर्टात माझी शोभा झाली. तेव्हापासून मी कागदोपत्री मुद्देमालाच्या पानापानावर पंचांच्या सह्या घ्यायचो, खाली माझी सही आणि ठाण्याचा शिक्का. इथेही तेच सांगितलं.

म्हातारा पुढे सरकला. "साहेब, पानावर नका. मागं चिठ्ठी लावा. समासात मालकांचं लिवलंय." नाटककाराला तो मालक म्हणायचा.

"तू मला पंचनामा शिकवतोस?" मी म्हणालो.

पानांवर मजकुराबाहेर जागा एकच होती, समास. दुपारभर सह्या चालल्या. कागद जुना, शिक्क्याची शाई पसरत गेली. हवालदारानं भोकं पाडून दोरा ओवला. म्हातारा भिंतीला टेकून बघत होता.

दोन दिवस मी त्याला सकाळपासून संध्याकाळपर्यंत ठाण्यात फरशीवर बसवून ठेवलं. बाकडं रिकामं होतं. वह्या का उचलल्यास, कुणाला देणार होतास, पुन्हा पुन्हा विचारलं.

"मपलं काय हाय त्यात साहेब? समदं त्यांचंच हाय. उतरवून झालं की देणारच व्हतो."

"मग चोरून का आणल्यास?"

यावर गप्प. गप्प बसणारा गुन्हेगारच असतो, असं माझं तेव्हा ठाम मत होतं.

तिसऱ्या दिवशी जबाबासाठी रद्दीवाल्याला बोलावलं. तो सहज म्हणाला, "अहो, सोसायटीवाल्या साहेबांनीच गाडीतून गठ्ठे आणून टाकलेले. म्हातारा पेपर घ्यायला आलेला, वह्या बघून मटकन खाली बसला. मीच म्हटलं, घेऊन जा बाबा."

इंजिनिअरला बोलावलं. खोली रिकामी करताना न बघता सगळं रद्दीत दिलं होतं. नंतर बाईंचा फोन आला, आणि वडिलांची नाटकं रद्दीत घातली हे त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. चोरी झाली म्हणून मोकळे झाले. तक्रारीचा आग्रह बाईंनी धरला.

मी म्हाताऱ्याला बाकड्यावर बसवलं. "हे आधी का नाही सांगितलंत?" तेव्हा कुठे माझ्या तोंडून 'तुम्ही' निघालं.

"पोरगं मांडीवर खेळलंय माज्या. बापाची नाटकं त्यानंच टाकली, असं मी चारचौघांत कसं सांगू? त्याच्यावर केस नका करू, साहेब."

केस केली नाही. गैरसमजातून झालेली तक्रार म्हणून कोर्टात अहवाल पाठवला. वह्या सुपूर्तनाम्यावर बाईंच्या ताब्यात दिल्या. बाईंनी वही उघडली, पान उजेडाकडे धरलं, उलटलं, दुसरं धरलं. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी वही मिटली आणि विचारलं, "सगळ्याच पानांवर?"

"हो."

एवढंच बोलणं झालं. मी माफीसुद्धा मागितली नाही. पद्धत आहे, असं काहीतरी पुटपुटलो. त्या पुटपुटण्याची लाज सह्यांपेक्षाही जास्त वाटते.

निवृत्त झाल्यावर वर्षभरानं मी त्यांच्या संग्रहात गेलो. म्हातारा तिथेच होता. नव्या वहीत उतरवलेल्या दोन सोडून बाकीच्या वह्यांत शिक्क्याखाली काय होतं ते आठवून सांगायला तो दर आठवड्याला पुनावळ्याहून येई, बाई लिहून घेत. मी गेलो तेव्हा पाचवी वही चालू होती. "हितं बाप दारात थांबतो," तो म्हणाला. मग त्यानं शिक्क्यावर बोट ठेवलं. "आन मग मालकांनी काय केलं व्हतं... न्हाई आठवत, बाई." बाईंनी तेवढी जागा कोरी सोडली. तशा कोऱ्या जागा मागच्या पानांवरही दिसत होत्या.

मी त्या दोघांसमोर हात जोडले. म्हाताऱ्यानं माझा हात धरून शेजारी बसवलं. "सही मातर झ्याक हाय साहेब तुमची," तो म्हणाला आणि हसला.

पुढे मी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात दोन-तीनदा बोललो. प्रत्येक वेळी एवढंच सांगितलं की कागद जप्त करताना आधी तो वाचा, आणि समोरचा हात जोडून काही सांगत असेल तर पेन खाली ठेवा. ज्याच्याकडून हे शिकलो, त्याला मी दोन दिवस फरशीवर बसवलं होतं, हे मात्र तिथे सांगितलं नाही. ते इथे पहिल्यांदा लिहितोय.

बाईंच्या नोंदवहीत त्या वह्यांपुढे दोन ओळी आहेत. समासातील पेन्सिल: नाटककार. समासातील शाई: पोलीस निरीक्षक. त्याखाली माझं नाव. पेन्सिल दरवर्षी पुसट होते आहे, असं बाई म्हणतात. माझी शाई अजून जशीच्या तशी आहे.